नकाशा अपडेट झाला आहे

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी वहीत लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. दर अपडेटमागे एखादा तरी किस्सा आपोआप साचतो, टाकीच्या तळाला गाळ साचतो तसा. आणि अपडेट तर हल्ली थांबतच नाहीत!

मी तंजावूरची. घरी आम्ही मराठी बोलतो, बाहेर तमिळ. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. मोबाइलमधला नकाशा तुम्ही सगळेच वापरता. त्यात कुणी 'हे दुकान बंद झालं', 'हा रस्ता चुकीचा आहे' अशी सूचना पाठवली, की ती खरी का खोटी हे कुणीतरी तपासायला लागतं. नकाशाची कंपनी कुठेतरी लांब. तिने काम दुसऱ्या कंपनीला दिलं, तिने तिसरीला, आणि त्या साखळीच्या शेवटी, जुन्या बसस्टँडजवळ, मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. कण्णन सर आमचे मॅनेजर. सेल्वी कॉम्प्युटरवर. माधवराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना आमच्या भागातला प्रत्येक कालवा नावाने माहीत. ते आमच्यातलेच, तंजावूरचे मराठी, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. बाकी सगळे 'राव सार', म्हणजे राव सर. आणि चौथी मी, गीता, स्कूटरवर.

बारा वर्षं झाली. पाठ दुखते.

*

एकदा अपडेट आला, की ज्या दुकानाची माहिती बरेच दिवस कुणी बदलली नाही, ते नकाशा स्वतःच 'कायमचे बंद' धरणार. दुसऱ्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. बगलेत अर्धवट झालेली वीणा. श्वास लागलेला.

"मी कधी बंद झालो?" त्यांनी विचारलं.

वीणा बनवणारे होते ते. चार पिढ्यांचं काम. चेन्नईहून एक बाई वीणा दुरुस्त करून घ्यायला यायच्या होत्या. त्यांनी मोबाइलवर 'कायमचे बंद' वाचलं आणि फोन न करता दुःख कळवणारं पत्रच पाठवलं! ते पत्रही हे गृहस्थ सोबत घेऊन आले होते.

सेल्वीने त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणत हात जोडून माफी मागितली आणि लगेच फॉर्म उघडला. "ताता, दुकान उघडायची वेळ सांगा."

"जाग आली की."

"आणि बंद करायची?"

"हात दुखले की."

फॉर्म हे घेईना. वेळ टाकल्याशिवाय पुढेच जाईना. शेवटी सेल्वीने वैतागून 'चोवीस तास उघडे' टाकलं. ताता खूश होऊन गेले.

महिन्याने मी त्यांच्या गल्लीत गेले, तर दारावर खडूने लिहिलेली पाटी : 'इथे एटीएम नाही.'

*

मग तो 'जवळचा रस्ता' आला. दुचाकीवाल्यांसाठी नवी सोय! गर्दी टाळून गल्लीबोळातून नेणार. नकाशाला एका गावाजवळ कालव्याचा बांध सापडला. बांधावरून गेलं की सहा किलोमीटर वाचतात. दुचाकीवाले गेले, त्यांच्यामागे गाड्या, आणि एक दिवस पेंढ्याने भरलेली लॉरी बांधावर आडवी. गावाच्या पंचायतीच्या अध्यक्षबाई थेट आमच्या ऑफिसात.

"आमचं गाव नकाशातून काढा."

मामा म्हणाले, "अम्मा, गाव काढता येत नाही. फार तर रस्ता काढू."

"मग रस्ता काढा. गावाला रस्ता माहीत आहे."

मामांना तो बांध पाठ होता. तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे, असा शेरा त्यांनी मारला. वर पाठवला, मंजूर झाला. बाईंनी आम्हाला घरची केळी पाठवली. आमच्या कामात केळी मिळणं म्हणजे मोठा सन्मान!

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा हजर. त्यांच्या मुलीला बघायला कुंभकोणमहून पाहुणे यायचे होते. नकाशाने त्यांना अख्ख्या तालुक्याला वळसा घालून आणलं. दोन तास उशीर. केसरी शिरा गार, भजी मऊ, आणि मुलाची आई आल्या आल्या म्हणाली, "एवढ्या लांबची मुलगी करायची का, विचार करायला हवा."

"रस्ता परत घाला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सगळ्यांसाठी?" मामांनी विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. "नाही. फक्त चांगल्या माणसांसाठी."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तसं बटण अजून आलेलं नाही, अम्मा."

*

आता हा किस्सा माझ्या घरातला. रस्ता सांगणाऱ्या आवाजाला मराठी आलं, त्या दिवशी मी कौतुकाने अप्पांच्या मोबाइलवर ते लावून दिलं. माझे वडील ऐंशीच्या पुढचे. आयुष्य तंजावुरात गेलं, महाराष्ट्र कधी पाहिला नाही, पण मराठीचा अभिमान मोठा. ऑटोत बसलो. मोबाइलमधली बाई बोलली, "पुढे, उजवीकडे वळा."

अप्पा ताठ बसले. "आपल्यातली आहे?"

"मशीन आहे, अप्पा."

"मराठी बोलते, म्हणजे कुणाची तरी असणारच. विचार तिला, कुठल्या रावांच्या घरची?"

पुढे तिने आमच्या रस्त्याचं, कीळ वीथीचं, नाव घेतलं. काय घेतलं ते मला लिहिताही येणार नाही! अप्पांचा चेहरा पडला. घरी आल्यावर मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "नवीन लग्न होऊन आलेली दिसते. शिकेल हळूहळू. तोवर तमिळच लाव."

*

पट्टु मामींची मेस माहीत नाही असा माणूस आमच्या भागात नाही. सहा टेबलं, केळीचं पान आणि मामींचं तोंड! सांबार पानात टाकलं तर ओरडणार, दुसऱ्यांदा चटणी मागितली तर जास्त ओरडणार.

अपडेट असा आला, की नकाशा लोकांचे सगळे अभिप्राय स्वतःच वाचून त्यांचं सार तीन शब्दांत देणार. मामींच्या मेसखाली आलं : 'इडली, चटणी, राग.'

मामी कॉलेजात शिकणाऱ्या नातीला घेऊन आल्या. नातीने मोबाइल पुढे धरला.

"कोण बोललं हे? नाव सांगा!"

"कुणी एकाने नाही हो, मामी," मी म्हटलं. "सगळ्यांचं मिळून मशीनने काढलंय."

"म्हणजे सगळे बोलले?"

आम्ही तक्रार वर पाठवली. उत्तर आलं, 'हे सार आपोआप तयार होते.' आम्ही परत पाठवली. तेच उत्तर आलं, तेही आपोआप.

पण झालं उलटंच. गर्दी वाढली. त्रिचीहून मुलं गाड्या करून यायला लागली. मुद्दाम सांबार पानात टाकायची, मोबाइल धरून बसायची, आणि मामी ओरडल्या की टाळ्या! मी एकदा दुपारी गेले तर मामी मागच्या पायरीवर पाय सोडून बसल्या होत्या. आत कुणीतरी तिसऱ्यांदा चटणी मागत होतं.

मला म्हणाल्या, "गीता, इडलीचं पीठ मी आदल्या दिवशी वाटून ठेवते. रोज एवढा राग कुठून आणू?"

*

कण्णन सर माणूस चांगला. फक्त वरून सूचना आली की त्यांना झोप लागत नाही. सूचना आली, की बाहेर तपासणीला जाणाऱ्यांनी आपलं लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं. सर दिवसभर स्क्रीनवर आमचे ठिपके बघत बसायचे. मी स्कूटर सावलीत लावून पाणी प्यायले तरी फोन : "गीता, हलत नाहीयेस?"

एका सकाळी मामा तिरुवैयारुला गेले होते. नदीकाठच्या चार गल्ल्या तपासायच्या होत्या. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, कावेरी दोन्ही काठ भरून वाहत होती. साडेदहाला सर एकदम उभे राहिले. मामांचा ठिपका नदीत. बरोबर मधोमध. आणि हलत नव्हता.

फोन लावला. वाजतोय, कुणी उचलत नाही. परत लावला. सेल्वी रडायलाच लागली. मी स्कूटर काढली, सर मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले असतील. वाटभर माझ्या कानात एकच वाक्य : "मीच पाठवलं त्यांना, मीच पाठवलं." मामांच्या घरी त्यांच्या पत्नी एकट्या असतात. त्यांना काय सांगायचं, हे मी मनात मराठीत जुळवत होते आणि एकही शब्द जुळत नव्हता.

घाटावर कुणी नव्हतं. नुसतं पाणी. सर पायऱ्या उतरायला लागले. बूट भिजले तरी थांबेनात, मी शर्ट धरून ओढलं. आणि तेवढ्यात मागच्या गल्लीतून गाण्याच्या क्लासचा आवाज आला. लहान मुली सरळी, म्हणजे सुरुवातीचे स्वरांचे धडे, म्हणत होत्या, आणि त्यात एक जाडा, पुरुषी आवाज.

मामा! ओट्यावर बसून, डोळे मिटून, मांडीवर ताल धरत. लहानपणी त्याच घरात शिकायला येत होते म्हणे. मोबाइल पिशवीत, आवाज बंद; ठिपका तेवढा घसरून नदीत.

सरांनी त्यांना मिठीच मारली. लहान पोरासारखे रडले. मुलींनी गाणं थांबवलं. मामांना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी सरांच्या पाठीवर थोपटलं आणि हळूच विचारलं, "सार, मी बुडालो असतो तर ती कुठली लीव्ह धरली असती?"

दुसऱ्या दिवसापासून लाइव्ह लोकेशन बंद. सरांनी वर काय कळवलं, आम्ही विचारलं नाही.

*

आणि रामलिंगम वात्यार. वात्यार म्हणजे मास्तर. एका खेड्यातल्या शाळेतून रिटायर झालेले. दर महिन्याला त्यांची एक सूचना यायची. नेहमी तीच : रस्त्याच्या एका वळणावर खूण, आणि नाव 'पुळियमरम्', म्हणजे चिंचेचं झाड.

नकाशात झाडाला जागा नाही. दुकान चालतं, ऑफिस चालतं, देऊळ चालतं. आम्ही नाकारायचो. ते पुढच्या महिन्यात परत पाठवायचे, नव्या फोटोसह. फोटोत झाडाखाली कधी खुर्ची मांडून बसलेला न्हावी, कधी ताकवाली, कधी दप्तरं घेऊन उभी मुलं. एकदा त्यांनी खाली लिहिलं होतं : 'चार गावांचा पत्ता हाच आहे.'

अकराव्या वेळी मामांनी स्क्रीन स्वतःकडे ओढली. "बस थांबते ना तिथे?" म्हणाले, आणि बसस्टॉप म्हणून मंजूर करून टाकलं.

मग त्या झाडालाही अभिप्राय यायला लागले! 'सावली छान.' पाच तारे. 'वारा चांगला.' पाच तारे. 'लाल मुंग्या.' तीन तारे.

दोन वर्षांनी रस्तारुंदी आली. झाड एका सकाळीत गेलं म्हणे. उपग्रहाचा नवा फोटो आला तेव्हा आम्ही पाहिलं. हिरव्या गोळ्याच्या जागी करडा पट्टा. आणि त्याच आठवड्यात सूचना आली : 'पुळियमरम् – कायमचे बंद.'

सर म्हणाले, "जाऊन बघून या." खरं तर बघायचं काय होतं? पण मामा उठले, मी स्कूटर काढली.

साडेअकराचं ऊन. रस्ता रुंद, काळा, गुळगुळीत. बुंधासुद्धा उपटून नेलेला. पलीकडच्या बाजूला पत्र्याचं नवं बस शेल्टर, बाकासकट. त्यात कुणीच नव्हतं. दहा-बारा माणसं अलीकडे, झाड होतं त्या जागी, भर उन्हात, एकमेकांना खेटून उभी होती. दोन पावलं इकडे नाही, दोन पावलं तिकडे नाही. त्यांच्यात वात्यारही होते, पांढरा शर्ट, डोक्यावर रुमाल.

मामांनी ओळख सांगितली आणि विचारलं, "वात्यार, बंद म्हणून तुम्ही कळवलंत?"

"नाही. मला ते बटण दाबवेना."

"मग कुणी?"

वात्यारांनी बाकीच्यांकडे पाहिलं. एक बाई खाली बघत पायाने खडी सरकवत होती.

मामांनी मोबाइलवर फॉर्म उघडला. उन्हात दिसेना, म्हणून स्क्रीनवर तळहात आडवा धरला. मीही वाकून पाहिलं. 'हे ठिकाण इथे आहे का?' खाली तीन बटणं. होय. नाही. सांगता येत नाही.

बस आली. शेल्टर सोडून, बरोबर आमच्यासमोर थांबली. कंडक्टरने दारातून बाहेर वाकून हाळी दिली, "पुळियमरम्! पुळियमरम् उतरा!"

एक म्हातारी टोपली घेऊन उतरली. इकडेतिकडे न बघता ती उभ्या असलेल्या माणसांत शिरली. त्यांनी सरकून तिला जागा करून दिली. तिने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला.

मामांनी तळहाताखाली बोट नेऊन पहिलं बटण दाबलं, आणि म्हणाले, "चल, गीता."