मॅडमची फजिती होऊ नये म्हणून

सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यात मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या दहा-बारा जिल्हा परिषद शाळा माझ्या गळ्यात. दर महिन्याला या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. कुणीतरी एक आदर्श पाठ घेतो, बाकीचे "छान झाला" म्हणतात आणि आलूपोह्यावर तुटून पडतात. आभार मानायला निवृत्तीला आलेले एक गुरुजी ठरलेले. त्यांना आजवर एकही पाठ वाईट दिसलेला नाही. मला मात्र त्या "छान"चा वीट आला होता. पाठ एवढे छान, तर पोरांना वजाबाकी का येत नाही?

एका परिषदेत माझं डोकं फिरलं. म्हटलं, "धानाच्या रोवणीला आपण एकमेकांच्या बांधीत जातो. तिथं कोणी छान म्हणत नाही. ओळ वाकडी चालली म्हणतात आणि सोबत वाकतात. आता वर्गाचंही तसंच. ज्याचं अडलं असेल त्याच्या वर्गावर सगळ्यांनी जायचं."

सगळे पंख्याकडे बघू लागले. आपलं झाकलेलं चारचौघांत उघडं करायला कोण तयार होणार? शेवटी तावातावात म्हणून गेले, पहिला पाठ मी घेते. एका तरुण सरांच्या शाळेत, तिसरीला, हातच्याची वजाबाकी. बोलून तर बसले. शिकवणं सुटून बरीच वर्षं झाली होती, आणि माझा पाठ फसला की या मंडळींना आपापली दारं लावून घ्यायला कायमचं निमित्त मिळणार होतं.

पाठाच्या दिवशी मागे शिक्षक दाटीवाटीनं बसले. मी फळ्यावर त्रेचाळीस लिहिले. खाली अठरा लिहायला हात नेला, तोच अख्खा वर्ग ओरडला, "पंचवीस!"

मागे कोणीतरी खोकलं. मी संख्या बदलल्या. एकसष्ट वजा चौतीस.

"पंचवीस!"

मी तरुण सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. "मॅडम, तुमची फजिती होऊ नये म्हनून तुम्ही कळवलेल्या उदाहरणाची थोडी तयारी करून घेतली," ते म्हणाले. पाहुण्याला जपायची आमच्याकडची ही रीत. त्याच रीतीनं माझी चारचौघांत शोभा केली. संताप असा आला की खडू मोडला.

मग खरा पाठ सुरू झाला, आणि तो वाईट झाला. एकातून चार जात नाहीत, म्हणून पोरांनी चारातून एक काढला आणि "तेहतीस" सांगितलं. मी काड्यांचे गठ्ठे काढले. तेहतीस. फळ्यावर दशकाचं घर आखलं. तेहतीस. शेवटी मी मागे वळले आणि म्हटलं, "मला जमत नाही. बसून काय राहिलात? या ना."

मग एक बाई उठल्या. म्हणाल्या, "समजा, तेंदूपत्त्याच्या एका पुडक्यात दहा पानं आहेत."

"नाई बाई, सत्तर रायतेत," पोरं एकसुरात म्हणाली. उन्हाळाभर पानं तोडणाऱ्या पोरांपुढे बाईंचं काही चालेना. दुसरे एक सर बोटांवर आले आणि बोटं संपल्यावर परत गेले. मग आभारवाले गुरुजी चहासोबतचे बिस्किटांचे पुडे घेऊन पुढे आले. सहा पुडे मांडले, एक बिस्कीट सुटं ठेवलं. पुड्यात दहाच आहेत असं सगळ्यांना कबूल करायला लावलं. मग गिऱ्हाईक होऊन म्हणाले, "मले तीन पुडे अन् चार सुटी बिस्किटं पायजेत."

पोरं त्या एका बिस्किटाकडे पाहत राहिली. पुढच्या रांगेतली एक मुलगी वैतागली. "फोडा ना मंग एक पुडा. काऊन पाहून राह्यले?"

तिनंच पुडा फोडला, तीन पुडे आणि चार सुटी दिली, उरलेली मोजली आणि सत्तावीस सांगितलं. नंतर फळ्यावरही तिला जमलं, शेजारणीलाही जमलं. सगळ्यांना काही जमलं नाही. जागेवर जाताना तिनं मागे बसलेल्या सर-बाईंकडे बोट करून मला विचारलं, "यायले कोनालेच येत नाई काय? म्हनून एवढे आले?"

सगळे हसले. मीही हसले. पाठाचे धिंडवडे तर निघाले होते. चहा आला तेव्हा मी विचारलं, "पुढच्या महिन्यात कोणाच्या वर्गावर?"

सगळे बशीत चहा ओतू लागले. वाटलं, संपलं. मग गुरुजी आभारासाठी उठतात तसे उठले. आभार मात्र मानले नाहीत. उभे राहून मान खाली घालून म्हणाले, "माह्या शाळेत या. चौथीच्या पोरायले वाचता येत नाई. मी लय करून पाह्यलं. मले समजून नाई राह्यलं."

एवढ्या वर्षांत परिषदेत असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. कोणी "छान" म्हटलं नाही. तेंदूपत्त्याच्या बाईंनी विचारलं, "गुरुजी, अक्षर ओळखतेत का?" आणि आपली खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.