पांढऱ्या रानातली वाट

"हळू बोला भाऊजी. आजारी माणसापुढं कुणी आरडतं का?"

बांधावर पाय ठेवला की वहिनी ओठावर बोट ठेवायची. आजारी माणूस म्हणजे तिचं रान. आता माझा आवाज असा, की घरात बायकोला गुपित सांगितलं तरी निफाडच्या बाजारात कळतं. पण तिथं गेलो की मी कुजबुजायचो. बैलांनाबी कानाशी जाऊन सांगायचो, "चल रे." बैल माझ्याकडं बघत राहायचे.

वहिनी माझी सख्खी नाय. माझ्या बांधाला तिचा बांध. अख्खी वस्ती वहिनी म्हणायची, म्हणून मीबी. नवरा गेलेला, एकुलती पोरगी मनमाडला दिलेली. वाटणीत दिरानं तिच्या पदरात हा तुकडा टाकला, सातबारा मात्र स्वतःच्याच नावावर ठेवला. चहूकडं द्राक्षाचे मांडव नि मधी हे पांढरं.

पहिलं तिथं ऊस होता. कालव्याचं पाणी आलं नि आम्ही सगळे पाजतच सुटलो. जमीन पाणी पिऊन पिऊन फुगली, खालचं मीठ वर आलं. ऊस पिवळा पडला, मग खुजा झाला, मग नुसती पापडासारखी खपली राहिली. "मीठ आलंय ना, मग धुऊन काढा, अजून पाणी सोडा," हा सल्ला सगळ्यात मोठ्यानं मीच दिलेला. शाळेत गेलो असतो तर निदान हळू तरी दिला असता. पाणी आटलं नि खपली दुप्पट जाड झाली.

भर दुपारी त्या रानाकडं बघवत नसे. पाखरू बसायचं नाय. म्हशी मात्र दावं तोडून यायच्या नि जमीन चाटत उभ्या राहायच्या. हाकललं तरी हलायच्या नाय, डोळे मिटून चाटायच्या.

नि त्यात ती पावलं.

वहिनीचा नवरा उंच माणूस. शेवटचं पाणी दिलं तेव्हा ओल्या रानातनं ढांगा टाकत विहिरीवर गेलेला, मोटर बंद करायला. त्याच हप्त्यात तापानं गेला. रान वाळलं तसं त्याच्या पावलांत मीठ चढलं, बाकी रानापेक्षा पांढरं. पाचही बोटं दिसायची. पावसात सगळं सपाट व्हायचं, आम्ही म्हणायचो, गेलं एकदाचं. चैत्र लागला की परत. बांधापासून विहिरीपर्यंत, एकेक. सगळी जायची पावलं, यायचं एक नाय. यायला त्यानं दुसरा बांध धरला असंल. धरलाच असणार, घरी येऊनच मेला की.

लोक म्हणायचे, रानाला लागीर झालंय. मी असलं काही मानत नाय. फक्त तिकडं तोंड करून जेवायला बसायचो नाय.

वहिनी बसायची. पावलांच्या कडेला भाकरी सोडायची. मी विचारलं, "एकट्याच?" तर म्हणाली, "विहिरीवर गेलेत. येतील." नि हसली. मीबी हसलो, नि तिथनं जो निघालो तो थेट चुलीपाशी बायकोजवळ जाऊन टेकलो. बायको म्हणली, "भूत बघितलं का काय?" म्हणलं, "नाय. त्याची बायको बघितली."

मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं. भरावाला माती पाहिजे होती. दीर बांधावर येऊन म्हणाला, "वहिनी, यंदा रानात हिरवं दिसलं तर ठेव तुझं तुला. नायतर माती देऊन टाकू."

माती गेली म्हणजे रान गेलं, नि पावलंबी गेली.

वहिनी कृषी सहायकाला घेऊन आली. तोही रानात शिरला नि हळू बोलायला लागला. म्हणाला, आधी चर खणा, खालचं पाणी नाल्याला काढा. मग पॅरा गवताची पेरं लावा, मीठ त्याला सोसतं. जमीन जरा उतरली की ढैंचा पेरा, फुलावर आला की नांगरानं मातीत गाडा, त्याचं खत होतं.

"गवत लावायचं?" मी म्हणलं. "आमचा जन्म उपटण्यात गेला."

"मग आता लावा," वहिनी म्हणाली.

लावलं. पावलांची पट्टी तेवढी तिनं सोडायला लावली. गवत जगलं, गुडघाभर झालं. दीर बघून गेला. पण वारा कुठूनबी येवो, दोन्हीकडचं गवत त्या पट्टीकडं वाकायचं. मी बैलांना दाखवलं. त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पट्टी पसरायला लागली. कडेचं गवत पिवळं पडलं, मग पुढचं. सहायक म्हणाला, "ताई, उघडी जमीन मीठ वर ओढते. एवढी पट्टी झाकली नाही तर सगळं रान परत पहिल्यासारखं होईल."

दीर रोज बांधावर येऊन उभा राहायला लागला.

वहिनी एक अख्खी दुपार पावलांशी बसून होती. उठली नि म्हणाली, "भाऊजी, ढैंचा आणा. सगळ्या रानाला पुरंल एवढा."

पावसाच्या तोंडावर, पावलं पुसायच्या आत, गवत मोडून रान मी पेरलं, पट्टी तिनं पेरली. एकेका पावलात वाकून मूठ सोडली. ढैंचा उगवला तो आधी पावलांत. डोक्याच्या वर गेला, पिवळा फुलला. गाडायची वेळ आली.

"नांगर तुम्हीच घाला," वहिनी म्हणाली. "तुम्हाला भ्या वाटतं. तुम्ही हळू घालाल."

पट्टीशी आलो नि बैल थांबले. मीबी थांबलो. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. वहिनीनं कासरा घेतला नि पुढं चालायला लागली, मागं न बघता. तिच्यामागं बैल, बैलांमागं मी, नि फाळाखाली मोडणाऱ्या ढैंच्याचा आवाज. कुणीतरी चिखलातनं चालल्यासारखा.

पुढल्या चैत्रात जमीन काळी. त्यानंतरच्या हिवाळ्यात गहू. दीर यायचा बंद झाला. गहू कमरेला लागला तेव्हा वहिनी बांधावर उभी राहून म्हणाली, "कुठनं होती हो वाट?"

नांगरलं मी, मला ठावं पाहिजे. नव्हतं. अंदाजानं बोट दाखवलं.

"तिथनं नाय," म्हणाली, नि भलतीकडूनच गव्हात शिरली. बाई एवढीशी. पण लुगडं उचलून ढांगा टाकत चालली, थांबून, तोलून, एकेक. गहू तिच्यामागं मिटत गेला. विहिरीपाशी टेकली. परत आली ती दुसऱ्या बांधानं.

त्याच वर्षी पोरगी तिला मनमाडला घेऊन गेली. तिकडंच वारली ती. रान आता वाट्यानं मी करतो.

गव्हाच्या कापणीला मी बांधावरून विहिरीकडं पाणी प्यायला निघालो. मी बुटका माणूस, माझी चाल बदकाची, वस्तीतली पोरं नक्कल करतात. मधीच कधीतरी पाय लांब पडायला लागले. हसायला तिथं कुणी नव्हतं. मी थांबलो नाय. विहिरीशी पोचलो, पाणी प्यालो, नि परत यायला लांबचा बांध धरला.