माउलीच्या टेकडीचा हिरामण

दिंडोरीच्या पश्चिमेला आमच्या टेकडीवर मतमाउलीचं, म्हणजे मरियामातेचं, छोटं देऊळ आहे. सप्टेंबरात तिथे यात्रा भरते, नाशिकहून गाड्या येतात, आणि हिरामण पांढराशुभ्र सदरा घालून देवळाचा इतिहास सांगतो. "माउलीनं मला इथंच दर्शन दिलं. म्हणाली, हिरामण, मला घर बांध." हे तो डोळे मिटून सांगतो. इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

देऊळ बांधलं कलाबाईनं. तिचा नवरा द्राक्षबागेत औषध फवारताना दगावला, तेव्हा लेक मोहिनी पदरात तान्ही होती. गावच्या चर्चमधल्या फादरांनी माळ्यावरची, नाक उडालेली माउलीची जुनी मूर्ती तिला देऊन टाकली. बागेतून परतताना ती रोज टेकडीवर दगड वाहायची. तीन भिंती आणि वर पत्रा, एवढंच जमलं. हिरामण तेव्हा तिला येडी म्हणायचा, आणि पाऊस आला की आपल्या शेळ्या मूर्तीपुढे आणून बांधायचा. लेंड्या कलाबाई झाडायची.

मग रस्ता झाला, माणसं यायला लागली, एका बाईला नवसाचं मूल झालं. हिरामणनं शेळ्या विकल्या, गळ्यात वीतभर क्रूस अडकवला, आणि त्याला दर्शन झालं. गावानं माना डोलावल्या. गाडीवाल्या पाहुण्यांपुढे आमची माणसं नेहमीच मऊ होतात.

एका यात्रेत बायकांनी कलाबाईला विचारलं, "आजी, खरंच दर्शन झालं का हो यांना?"

"झालं आसंल," ती म्हणाली. "ह्यो शेळ्या बांधायचा ना आत. माउली हाकलाया आली आसंल."

बायका हसल्या. मला वाटलं, आता तरी हा तोंड लपवील. पण पुढच्या वर्षी त्यानं गोष्टीत भर घातली. "मी पापी. माउलीच्या घरात जनावरं बांधायचो." आणि रडला. लोकही रडले. पश्चात्तापसुद्धा त्यानं दुसऱ्याच्या तोंडून उचलला.

गेल्या उन्हाळ्यात कलाबाई गेली. फादरांची प्रार्थना संपते न संपते तोच हा कबरीपाशी पुढे झाला. "देऊळ बांधताना ह्या बाईनं मला लय हातभार लावला..."

"काका, बाजूला व्हा," मोहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आईला माती द्यायची हाय."

तो सरकला.

यंदाच्या यात्रेत मोहिनीनं देवळाच्या दारात उभं राहून खरं काय ते सांगितलं. पाच-सहा जण थांबले. बाकीचे खाली, गाड्या लावतात तिथे, हिरामणभोवती दाटी करून उभे होते. विधवेनं वाहिलेले दगड कोणाला हवेत? त्यांना दर्शन लागतं.