हिंगणीच्या अंगणातला स्विंगआउट

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा मला नाच शिकायचा नव्हता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला शिकायचा होता आणि तिला एकटीने जायचं नव्हतं. म्हणून एका शनिवारी मी तिच्यासोबत गेले. एरवी योगाचे वर्ग चालत असा तो हॉल होता. गुंडाळलेल्या सतरंज्या भिंतीला टेकवलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा कॅन, टेबलावर एक स्पीकर. लिंडी हॉप हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नावावरून मला तो उड्या मारायचा काहीतरी व्यायाम वाटला होता.

शिकवणारा माणूस पस्तिशीचा, सडपातळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला. इंग्रजीतून शिकवायचा, किंचित परदेशी वळणाच्या इंग्रजीतून. आम्ही गोलात जोड्यांनी उभे होतो आणि थोड्या थोड्या वेळाने जोडीदार बदलत होता. नाच दोघांचा. एक जण नेणारा, म्हणजे लीड, आणि दुसरा त्याच्या इशाऱ्याने जाणारा, म्हणजे फॉलो. माझी पाळी सरांसमोर आली तेव्हा त्यांचा इशारा यायच्या आत मीच पुढे निघाले. पुन्हा तेच झालं. आणखी एकदा झालं. ते थांबले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काऊन घाई करून राह्यली?"

मी हात सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. विचारलं, "तुम्ही कुठचे?"

"हिंगणी. सेलू तालुका, वर्धा."

"मी हिंगणघाटची."

"मंग तं झालंच," ते म्हणाले. "आता तुले इंग्रजीत रागावता येत नाई."

मैत्रीण थोड्याच आठवड्यांत कंटाळली. मी जात राहिले. वर्गात त्यांना सर म्हणायचे, बाहेर दादा.

दादांची गोष्ट मला वर्गानंतरच्या चहावर तुकड्यातुकड्यांनी कळली. वडील जंगल खात्यात वनरक्षक होते, ते लवकर गेले. घरी आई आणि बोर धरणाच्या अलीकडे थोडी शेती. नागपुरात हॉटेलचा कोर्स करून दादा समुद्रावरच्या प्रवासी जहाजावर वेटर म्हणून लागले. जेवणं झाली की तिथे बँड वाजायचा आणि म्हातारी जोडपी नाचायची. दादा हातात ट्रे घेऊन भिंतीला उभे असायचे. वरून सरळ आणि खाली पाय चालू. हे एका अमेरिकन आजीबाईंच्या लक्षात आलं. त्यांचे यजमान गेले होते आणि नाचायला कोणी उरलं नव्हतं. नोकरांनी प्रवाशांसोबत नाचायची तिथे परवानगी नव्हती. बाईंनी वरच्या साहेबाला गाठलं आणि दुपारी हॉल रिकामा असताना या मुलाला शिकवीन, म्हणून कबूल करून घेतलं. जेवणाची टेबलं आवरल्यापासून चहाची मांडामांड सुरू होईपर्यंत त्या शिकवायच्या. सफर संपली, त्या उतरून गेल्या. पुढे दादा ज्या बंदरात सुट्टी मिळेल तिथे हा नाच कुठे चालतो ते शोधत फिरले. मग जहाज सोडलं, पुण्यात एका हॉटेलात लागले आणि वर्ग सुरू केला.

प्रत्येक नव्या बॅचला ते एक गोष्ट सांगत. हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या काळ्या लोकांचा. दिवसभर दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या दारात कामं करणारी माणसं संध्याकाळी चांगले कपडे घालून नाचायला जायची. बाहेर गोऱ्यांशेजारी बसता येत नव्हतं त्या काळात तिथल्या एका हॉलमध्ये काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. मी हे फोनवर बाबांना सांगितलं. बाबा हिंगणघाटच्या कापड गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. पोरगी परक्या माणसाचा हात धरून नाचते याचं काय करावं ते त्यांना तोवर ठरवता येत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आपल्यासारख्याइचाच हाय तो. शीक मंग." त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे मी दादांसोबत शिकवू लागले. ते लीड, मी फॉलो. लोक आमच्याबद्दल विचारायचे. तसं काही नव्हतं. त्यांनी श्वास घेतला की त्यांचं वजन कुठे जाणार ते मला कळायचं, एवढंच होतं. ते बाकी कोणाबद्दल मला कधी कळलं नाही.

मग दादांना अपघात झाला. मोटरसायकलवरून चालले असताना उभ्या कारचं दार समोर उघडलं आणि ते पडले. उजवा गुडघा गेला. एक ऑपरेशन झालं, मग आणखी एक. चालता येईल, पण उडी मारणं आणि पायावर गिरकी घेणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी खोली सोडली आणि हिंगणीला निघून गेले. जाताना म्हणाले, "क्लास तू चालव."

"मला लीड येत नाही, दादा."

"तं बंद कर."

त्यानंतर ते फोन उचलेनात.

मी वर्ग बंद केला नाही. लीड करून पाहिलं. लिंडी हॉपचा जीव स्विंगआउटमध्ये असतो. दोघं जवळ येतात, एकमेकांभोवती अर्धं फिरतात आणि फॉलो सुटून हातभर लांब जाते, एका हाताने धरलेली. दादा करायचे तेव्हा ते आपोआप होतंय असं वाटायचं. मी करायचे तेव्हा समोरची बाई अडखळायची. एकीने खांदा दुखतो म्हणून यायचं सोडलं.

दिवाळीला घरी आले आणि एका सकाळी हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी अशी एसटी बदलत गेले. दादांचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलेलं होतं आणि त्यांची आई सुपाने पाखडत बसली होती.

"कोन पाह्यजे वं?"

"दादा आहेत का? मी पुण्याहून आले, काकू. त्यांच्या क्लासमधली."

"इंग्रजीचा क्लास?" आईने विचारलं. तेवढ्यात दादा काठी टेकत दारात आले. त्यांचा चेहरा पाहून मला कळायला हवं होतं. पण शब्द निघून गेला होता.

"नाही, नाचाचा."

आईने सूप खाली ठेवलं. "तू नाचत होता?"

"शिकवत होतो," दादा म्हणाले.

"जहाजावरबी?"

"हो."

"मंग पाय नाचतानी मोडला का?"

"नाई वं माय. गाडीवरूनच पडलो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, उठून आत गेली आणि चहा ठेवला.

चहा पिताना मी कशासाठी आले ते सांगितलं. दादा म्हणाले, "माह्याच्यानं धड उभं राह्यल्या जात नाई. तुले काय शिकवू?"

"बसून सांगा."

"न् फॉलो कोन करन? हवेले फिरवशीन?"

आईने पदराला हात पुसले. "मी राह्यतो न उभी," ती म्हणाली. "असं काय कराचं हाय त्याच्यात?"

आम्ही ताडपत्री भिंतीकडे ओढून घेतली. शेणाने सारवलेली जमीन पुण्याच्या फरशीपेक्षा पायाला बरी लागली. दादा खाटेवर बसले आणि मी फोनवर गाणं लावलं. आईचा हात कोरडा आणि टणक होता. मी तिला जवळ घ्यायला हात ओढला. तिने टाचा रोवल्या आणि जागची हलली नाही.

"वढून काऊन राह्यली वं? मी काय गाय हावो?"

दादा हसले. पुणं सोडल्यापासून त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं. "बरोब्बर बोल्ली," ते म्हणाले. "क्लासमधल्या बाया तुले सांगत नाईत. हे सांगून राह्यली. हाताले काही करू नोको. तू जाय. तू गेली का समोरचीबी येते."

मी हात सैल सोडला आणि नुसती मागे सरकले, सगळं वजन घेऊन. आई आली. का आली ते तिलाही कळलं नाही. ती आपल्या पायांकडे बघायला लागली.

"पायाकडं नोको पाहू, माय," दादा म्हणाले.

"मंग कुठी पाहू?"

"हिच्याकडं पाह्य."

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. "काय होऊन राह्यलं वो?"

"पाय मोकळे करून राह्यलो," आई म्हणाली आणि माझा हात पुन्हा धरला.

दिवसभर आम्ही तेच करत होतो. मध्ये जेवण झालं, पिठलं-भाकर. मग परत. दादा बसल्या जागेवरून काठीच्या टोकाने माझा पाय कुठे पडायला हवा ते जमिनीवर दाखवायचे. माझा खांदा वर चढला की ओरडायचे. उन्हं उतरताना एकदा आई जवळ आली, माझ्या बाजूने निघून गेली आणि हाताच्या टोकाला जाऊन थांबली, कोणी ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. ती जरा धापा टाकत होती. "आता कसं!" ती म्हणाली आणि पदर खोचून सोयाबीन भरायला गेली. तो तिच्या आयुष्यातला बहुधा शेवटचा स्विंगआउट असावा. पुढे मी पुष्कळदा गेले, पण ती म्हणायची, "झालं तेवढं पुरे."

निघताना तिने मला सीताफळं दिली. दादा एसटीपर्यंत आले. आई हे सगळं कसं घेईल याची त्यांना भीती होती, असं ते म्हणाले, आणि आता ती भीती कशाची होती तेच आठवत नाही. बस आली तेव्हा म्हणाले, "येजो."

पुण्याला परतल्यावर ते फोन उचलू लागले. मी वर्गाचे व्हिडिओ पाठवायचे आणि त्यांचं एका शब्दात उत्तर यायचं. मान. खांदा. बरं.

नंतर माझ्या कंपनीने घरून काम करायला मोकळीक दिली आणि मी हिंगणघाटला परत आले. पुण्याचा वर्ग तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे सोपवला आणि वर्ध्याला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. मेडिकलच्या मुली आल्या, बँकेतलं एक जोडपं आलं, एक शाळामास्तर आले. अनोळखी बाईचा किंवा पुरुषाचा हात धरायला बरेच जण तयार नव्हते. मी म्हटलं, ठीक आहे, बायका बायकांसोबत आणि पुरुष पुरुषांसोबत. पुण्यात मला दर वेळी समजवावं लागायचं की बाईसुद्धा लीड करू शकते. इथे ते कोणी विचारलंच नाही.

दादांना मी बोलावत होते. ते टाळत होते. मग आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांचं वर्ध्याला येणं झालं, आईला नातेवाइकांकडे सोडून ते वर आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी मास्तरांना आणि बँकेतल्या गृहस्थांना स्विंगआउट दाखवत होते. दोघंही एकमेकांना ओढत होते. थोडा वेळ दादांनी पाहिलं. मग म्हणाले, "थांबा, थांबा," आणि काठी टेकत मध्ये आले. त्या दिवशीचा बाकीचा वर्ग त्यांनीच घेतला, इंग्रजीचा एक शब्द न वापरता.

तेव्हापासून ते येतात. बोरच्या जंगलालगतच्या एका रिसॉर्टमध्ये त्यांना मॅनेजरची नोकरी मिळाली आहे. सफारीचे दिवस सुरू झाले की त्यांचे रविवार बुडतात, आणि मी एकटीच घेते. काठी आता बहुतेक वेळा घरीच असते. साधी पावलं ते टाकतात, सावकाश.

आम्ही दोघं सोबत परत नाचलो नाही म्हटलं तरी चालेल. एकदा सगळे गेल्यावर एक संथ गाणं वाजत राहिलं होतं आणि त्यांनी हात पुढे केला. जरा वेळ जमलं. त्यांनी श्वास घेतला आणि मला कळलं कुठे जायचं ते. मी गेले, पण त्यांचा गुडघा मागे राहिला. त्यांनी माझा हात सोडला, खिडकीचा गज धरला आणि गुडघा दाबत उभे राहिले. ते म्हणाले, "चाल, स्पीकर बंद कर. मले शेवटची गाडी सापडाची हाय." मी स्पीकर बंद केला, वायर गुंडाळली, आणि आम्ही जिना उतरलो.

यंदा मेडिकलची एक मुलगी शिक्षण संपवून गडचिरोलीकडे नोकरीला निघाली. तिने दादांना विचारलं, तिकडे हा नाच कुठे शिकवतात का?

"नाई," दादा म्हणाले.

"मग मी काय करू?"

"आधी नाचनारं एक मानूस शोध. मंग फोन कर."