अडया आल्या का?

चालता चालता शेजारच्या मेश्रामकाकू ट्रॅफिक हवालदारासारखा हात आडवा करायच्या आणि मी मुकाट्याने थांबायचो. डॉक्टरांनी मला साखरेसाठी रोज पाऊण तास भराभर चालायला सांगितलं होतं. काकूंबरोबर पाऊण तासात आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातून तळ्यापर्यंतसुद्धा पोचणं होत नसे. कधी तारेवर खंड्या बसलेला असे, कधी गवतात मुंगसाची शेपटी हललेली असे. मी घड्याळ पाहिलं की म्हणायच्या, "काहून पळतं बाबू? गाडी सुटून राहिली का तुही?"

रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कान मोठे तिखट. पक्षी मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. नातीशी त्या फोनवर मराठीत बोलायच्या, ती हिंदीत उत्तर द्यायची, "दादी, चिड़िया छोड़के कुछ और बताओ ना." हे मला सांगताना त्या हसायच्या. मला मात्र हसू येत नसे.

शरद लागला की त्यांचा जीव अडयांमध्ये अडकायचा. अडई म्हणजे शिट्टी घालणारं, तपकिरी रंगाचं लहानसं बदक. पाऊस सरला की त्यांचे थवे आमच्या तळ्यावर उतरत. दसऱ्यापासूनच काकूंचं टुमणं सुरू व्हायचं, "आल्या असतीन का रे?" एकदा मी वैतागून म्हणालो, "काकू, तुम्ही एकट्याच जाऊन काहून नाही पाहत?"

त्या म्हणाल्या, "दिसाले तं मले एकटीलेही दिसते रे. पण दिसलं हे सांगाले कोणी तं लागते नं."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना घेऊन गेला. स्टेशनवर खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "अडया आल्या का फोन करजो. नुसतं सांगू नको, आवाज आयकवजो." मग दरवर्षी मी काठावर उभा राहून फोन पाण्याकडे धरायचो. पलीकडून बऱ्याच वेळाने होकार यायचा, "हव, हव." बाकी आता माझं चालणं भराभर होतं, साखरही उतरली, पण त्या फिरण्यात राम उरला नव्हता.

हळूहळू काकूंची उत्तरं जुळेनाशी झाली. गुडघ्यांचं विचारावं तर त्या भाजी कोणती केली ते सांगायच्या. शेवटी मुलगाच म्हणाला, "आईला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन आणलं, पण ती लावत नाही."

यंदा दिवाळी उलटली तरी एकही अडई उतरली नाही. काठाने रंगीत दिवे लागले आहेत, कारंजी बसली आहेत. त्यांना बिचकल्या असाव्यात. काकूंना हे कळवायलाच मी सकाळी तळ्यावरून फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "थांब बाबू, बोलू नको. आयकू दे."

काय करणार? मी फोन रिकाम्या पाण्याकडे धरला. थोड्या वेळाने कानाला लावला.

"आल्या नं रे! किती शिट्ट्या मारून राहिल्या!"

त्यांना ऐकू जावं म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "हव काकू! आल्या!"

काठावरून चालणाऱ्या दोघातिघांनी दचकून तळ्याकडे पाहिलं.