पोटाभोवतीची टेप

काचेपलीकडे नर्स सुधीरच्या पोटाभोवती टेप गुंडाळते. शिंप्याकडे असते तसलीच, पिवळी. रोज त्याच जागी लागावी म्हणून पोटावर पेनाने खूण करून ठेवली आहे. माझ्या शेजारी उभी असलेली त्याची आत्या कौतुकाने म्हणते, "अंगानं भरला गं पोरगा! भावाच्या पेशी मानवल्या म्हणायच्या."

मानवल्या, खरंच मानवल्या. पण सुधीरच्या भावाच्या अस्थिमज्जेतल्या त्या पेशी घालण्याआधी जी जबर औषधं दिली, त्यांनी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजल्या. त्या मोकळ्या करायचं औषध सलाइनमधून चालू आहे. तोवर पोटात पाणी साठतं आहे. आत्याला दिसतं ते बाळसं म्हणजे हे पाणी.

तिला तरी काय बोलू? आपल्याकडे माया वजनातच मोजतात. बरा होणारा माणूस भरतो आणि जाणारा वाळतो, एवढंच आपलं वैद्यक. मीही लग्न झाल्यापासून त्याला एक पोळी आग्रहाने जास्तच वाढत आले. आता रोज सकाळी देवाकडे मागते, माझा नवरा वाळू दे. असलं मागणं माझ्या तोंडी घालणाऱ्या देवापुढे हात जोडताना संताप होतो नुसता.

नर्स टेप सोडते आणि माझ्याकडे बघून बोट दाखवते. कालच्यापेक्षा बोटभर जास्त.

आत्या काचेवरूनच त्याच्यावर हात ओवाळते आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडते. "माझीच मेलीची दृष्ट लागायची!"