आईने गंध लावलेला स्क्रीन

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचा एकही धड फोटो घरात नव्हता. फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला. उरला एक लॅपटॉप, तोही त्याने कुणाचा तरी वापरलेला घेतलेला. जाण्याच्या जरा आधी, दवाखान्यात न्यायच्याही आधीच्या एका रविवारी, टाकव्याला आईच्या घरी, त्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने त्याने स्वतःचा फोटो काढला होता. पांढरा सदरा, दारातलं ऊन आणि तोंडभर हसू.

आईने तो लॅपटॉप फोटो उघडून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. बंद म्हणून करायचा नाही, असा तिचा दंडकच. रोज सकाळी सहाणेवर गंध उगाळायची, कालचं वाळलेलं ओल्या फडक्याने पुसायची आणि स्क्रीनवर बरोब्बर त्याच्या कपाळावर बोट टेकवायची. कुसगावच्या सासरहून माहेरी गेले की मी ओरडायचे, "आई, अगं ते यंत्र आहे, तसबीर नाही!"

"मग कपाळ मोकळं ठिवू व्हय त्याचं?"



स्क्रीन मुळातच पिवळट होता. दर वर्षी आणखी पिवळा, आणखी अंधूक होत गेला. भिंत, सदरा, चेहरा, सगळं एकाच रंगाचं. आईला त्याचं काही नव्हतं. तिला आधार होता तो वेगळ्याच गोष्टीचा. भावाला कावीळ झाली, ती अंगात भिनली आणि बघता बघता तो गेला. चाकणला कारखान्यात रात्रपाळी करायचा, घरी यायचा तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायलाच. "एकाएकी झालं गं," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "दिसलं असतं तर मी काय हातावर हात ठिवून बसली असती व्हय?" लोक म्हणायचे, "न्हाई मावशी, कुणाला कळणार." एवढ्यावर ती जगत होती. मीही तेच म्हणायचे, अगदी मनापासून.

यंदा पावसाळ्यात स्क्रीन काळा पडला. आईने अन्न टाकलं. मी लॅपटॉप पिशवीत घालून लोणावळ्याच्या बाजारात नेला. दुरुस्तीवाल्याने कडेला साचलेलं गंध टोकरून बघितलं. "ताई, पॅनेललापण आयुष्य असतं. मागचे दिवे आधी पिवळे पडतात, मग जातात. त्यात दिवसरात्र चालू, वर हे रोजचं पाणी. जास्तच टिकला म्हणायचा."

माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ तिशी न बघता गेला आणि हा जास्त टिकला म्हणे! "नवा बसवा, बाकी राहू द्या," मी म्हटलं. दुकानात स्क्रीन नुसता लागतोय का तेवढं पाहिलं. फोटो आईसमोरच उघडायचा होता मला.

घरी आल्यावर फळीवर ठेवला आणि उघडला.

"आगं बया! किती लख्ख दिसतुया!" आई हसली. किती दिवसांनी हसली. सदरा पांढराशुभ्र, मागची चुन्याची भिंत पांढरी. ती जवळ सरकली. पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ह्याचं डोळं पिवळं हायेत गं."

होते. हळदीसारखे.

"नवा स्क्रीन आहे ना, आई," मी घाईघाईने म्हटलं, "रंग बसायला वेळ लागतो."

ती माझ्याकडे वळली.

"मग सदरा कसा पांढरा दिसतुया?"